पावाची बोटभर उंची

माझ्या आतेभावाचा, प्रमोदचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. मंगळवारची सकाळ, सव्वासात. फोन फळीवर होता, मी कोपराने स्पीकर चालू केला. "वैशू, आई उठलीच नाही गं आज..." एवढंच बोलला. माझ्यासमोर बावीस साचे मांडलेले होते, पीठ फुगून काठाला आलेलं, आणखी दहा मिनिटांत भट्टीत गेलं नसतं तर बसलं असतं. मी काय केलं असेल? पाव भट्टीत घातले. दार लावलं, वेळ लावली, हात धुतले आणि मग ओट्याला टेकून रडले. खरं सांगते, नंतर कितीतरी दिवस मला त्याची लाज वाटत होती. पण सुमनआत्याला मी ओळखते. फुगलेलं पीठ वाया घालवून तिच्याकडे धावत गेले असते, तर तिने मेल्यावरसुद्धा मला झापलं असतं.

परळहून नायगावला पोचायला मला कितीसा वेळ लागतो! मी गेले तर आत्याच्या पिठाच्या चक्कीचं शटर बंद, आणि शटरसमोर ओळीने सात-आठ डबे. गहू भरलेले, झाकणावर नावं लिहिलेले. ज्यांना कळलं नव्हतं ते नेहमीसारखे कामावर जाताना दळण ठेवून गेले होते. चाळीस वर्षांत ते शटर सकाळी सातला उघडलं नाही असं झालंच नव्हतं, त्यामुळे कोणाला शंकाही आली नसावी. मी त्या डब्यांपाशी जरा वेळ उभी राहिले आणि मग वर गेले.

सुमनआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मालवणकडच्या गावातून लग्न होऊन नायगावच्या चाळीत आली, यजमान कापडगिरणीत विणकामावर. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी चाळीखालच्या गाळ्यात पिठाची चक्की टाकली. दोन-तीन वर्षं चालवली आणि छातीच्या दुखण्याने गेले. प्रमोद तेव्हा शाळेत. आत्या सातवी पास. सगळ्यांनी सांगितलं, चक्की विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही ते. ती कोणाशी भांडली नाही, वाद घातला नाही. तेराव्यानंतर डोक्याला फडकं बांधून खाली उतरली आणि शटर उघडलं. एवढंच.

चक्कीचे दगड झिजतात. त्यांच्यावरचे चर बुजत आले की धान्य कापलं जात नाही, नुसतं रगडलं जातं. म्हणून दर काही दिवसांनी वरचा दगड उचलून टाकीने ते चर पुन्हा खोल करावे लागतात. हे काम करायला एक टाकीवाला यायचा. एकदा घाईत त्याने काहीतरी उरकलं आणि आठवडाभर गिऱ्हाइकांच्या चपात्या दाताखाली कचकच करू लागल्या. पुढच्या वेळी तो आला तेव्हा आत्याने त्याला चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "उद्यापासून येऊ नका, भाऊ. मी बघते." तो हसला. आत्याने यजमानांचा जुना चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याला इतकी वर्षं बघून जे डोक्यात साठवलं होतं ते हातात आणलं. पहिल्या खेपेला अंगठा फुटला, दुसऱ्या खेपेला दगड बोलायला लागला... हे तिचेच शब्द. त्यानंतर शेवटपर्यंत तिच्या दगडाला दुसऱ्या कोणाची टाकी लागली नाही.

तिच्या पिठाची चपाती म्हणजे काय होती ते नायगावातल्या कोणालाही विचारा. सकाळी सहाला डब्यात भरलेली चपाती दुपारी एकला उघडली तरी रुमालासारखी घडी पडायची. चाळी पाडायला लागल्यावर माणसं कुठे कुठे राहायला गेली, पण सावंतकाकींसारख्या काही जणी बस बदलून, पिशवीत गहू घेऊन यायच्या. आत्या धारेखाली तळहात धरून पीठ किती गरम येतंय ते बघायची आणि दगड कसायचं चाक पाव फेरा इकडे नाहीतर तिकडे फिरवायची. कुठलं यंत्र नाही, मोजमाप नाही. मी लहानपणी सुट्टीत तिच्याकडे राहायला जायचे तेव्हा मला वाटायचं, ही पिठाचा ताप बघते.

तर अशा बाईला मी एक दिवस चारचौघांत काय म्हणाले, ते आता सांगायलाच हवं.

मी हॉटेलच्या धंद्यातलं शिक्षण घेतलं, दुसऱ्यांच्या भट्ट्यांवर बारा वर्षं घाम गाळला आणि मग परळला स्वतःची छोटी बेकरी काढली. माझा एकच हेका होता : पाव करायचा तो पूर्ण गव्हाचा. चिमूटभरही मैदा नाही. ब्राऊन म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पावांत मैदाच जास्त असतो, वर रंग. तसलं मला करायचं नव्हतं. आणि घरात सुमनआत्यासारखी बाई असताना पीठ बाहेरून आणायचा प्रश्नच कुठे होता? आत्याचं पीठ आणि माझा पाव. मी तर मनातल्या मनात पाटीही रंगवली होती.

पहिला पाव बाहेर काढला तो विटेसारखा. म्हटलं, माझंच चुकलं असेल. पाणी वाढवलं, कमी केलं, जास्त मळलं, कमी मळलं, यीस्ट बदललं. दर वेळी तेच. मळताना पीठ भरपूर पाणी प्यायचं, हाताला छान मऊ लागायचं, आणि तासाभराने चिकट व्हायला लागायचं. भट्टीत वर चढायचं आणि बसायचं. कापला की सुरी ओलसर, आतला गर दाताला चिकटणारा. सहा महिने मी हे केलं. दर वेळी आत्याला सांगायचे, "अजून जमत नाहीये गं." आणि दर वेळी ती म्हणायची, "थांब, पुढच्या वेळी आणखी चांगलं काढते." शेवटी कंटाळून मी बाजारातून मोठ्या कारखान्याचं, रोलरवर दळलेलं गव्हाचं पीठ आणलं. तोच साचा, तीच भट्टी, तेच हात. पाव असा वर आला म्हणता, की मी एकटीच टाळ्या वाजवायला लागले. त्या दिवसापासून आत्याचं पीठ मी घरी चपात्यांना वापरायला लागले आणि बेकरीत पोती यायला लागली. तिला मात्र सांगितलं नाही. हिंमतच नव्हती.

एका शनिवारी ती न सांगता आली. ताज्या पिठाचा डबा कमरेवर घेऊन. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी, आणि भिंतीला लावलेली ती छापील पोती.

आत्या एरवी मुंबईचं मराठी बोलायची, पण रागावली किंवा हलली की मालवणीवर यायची. "ह्या काय गो?"

"पीठ आहे, आत्या."

"ता माका दिसता. कोणाचा?"

मी पटकन काहीतरी बोलून वेळ मारून न्यायला हवी होती. पण सहा महिन्यांचा वैताग साठलेला होता ना, तो बाहेर आला. "तुझ्या पिठाचा पाव होत नाही, आत्या! चपात्या होतात. पाव वेगळा असतो." गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली. आत्याने डबा काउंटरवर ठेवला, पदर सारखा केला आणि गेली. आपण काय बोललो ते मला ती रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर कळलं. बाईने उभं आयुष्य ज्या एका गोष्टीवर काढलं, तीच मी लोकांसमोर नाकारली होती.

आठ दिवस तिने माझा फोन घेतला नाही. नवव्या दिवशी सकाळी बेकरी उघडते तर ही पायरीवर बसलेली. "पाव मरता कसो, ता माका दाखव," म्हणाली. नमस्कार-चमत्कार काही नाही. दोन दिवस ती स्टुलावर बसून राहिली. दोन्ही पिठं मळायला लावली, दर पंधरा मिनिटांनी दोन्हींत बोटं घालून बघितली. मग दोन्ही पिठं बारीक चाळणीने चाळली. कारखान्याच्या पिठातून कोंडा निघाला तो चांगला रुंद, चपटा, फुलाच्या पाकळीसारखा. तिच्या पिठाचा कोंडा चाळणीत राहिलाच नाही, इतका चूर झालेला. तिने कारखान्याचं पीठ तळहातावर चोळून नाकाशी नेलं. "ह्याका वासच नाय," म्हणाली.

मग मी मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. मोठ्या कारखान्यात दगड नसतात, पोलादी रोलर असतात. ते दाणा एका दमात भरडत नाहीत, पायरी पायरीने उकलतात. पांढरा भाग वेगळा, कोंडा वेगळा, अंकुर वेगळा. पीठ गार राहतं. शेवटी कोंडा परत मिसळतात. "म्हणजे आधी मोडायचं, मग जोडायचं?" आत्याने विचारलं. "आणि अंकुर?" मी म्हटलं, तो पुष्कळदा बाहेरच ठेवतात, त्याच्यात तेल असतं, पीठ लवकर खवट होतं. "मग पुरा गहू कसला तो?" पुढे मी सांगितलं, की दगड घट्ट कसून, वेगाने दळलं की पीठ तापतं आणि त्यातले स्टार्चचे कण चेचले जातात. चेचलेला कण पाणी जास्त पितो, म्हणून चपाती मऊ होते. पण पावाचं पीठ तासन् तास फुगत ठेवायचं असतं. तेवढ्या वेळात त्या चेचलेल्या कणांची साखर होत जाते, प्यालेलं पाणी सुटतं आणि सगळं चिकट होतं. वर कोंड्याचा तो चूर पिठाचा ताण तोडतो. मग पाव उभा कशाच्या आधाराने राहणार?

आत्याने आपलं पीठ पुन्हा चिमटीत धरून चोळलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे दोनदा दळलं तर आणखी चेचतं?"

"अर्थात! पण दोनदा कोण दळतंय?"

"तुझं मी पहिल्यापासून दोनदा काढते," ती म्हणाली. "बाळंतिणीचं आणि तुझं. तू सांगायचीस पाव बसला, म्हणून मग मी दगड आणखी कसायची. म्हटलं, पोरीला अगदी रेशमासारखं पीठ द्यावं..."

बाई गं! सहा महिने ही माया करत होती आणि सहा महिने माझे पाव त्या मायेखाली दबून मरत होते. मी आधी हसत सुटले, मग रडायला आलं. ती मात्र हसली नाही, रडलीही नाही. तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. उठताना एवढंच म्हणाली, "दगडाक नाव ठेवू नको. चुकलंय ता माझा."

मोठ्या चक्कीशेजारी तिची एक लहान चक्की होती, ज्वारी-बाजरीची. ती तिने पावासाठी मोकळी केली. भाकरीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण हटली नाही. मोटारीची पुली बदलून घेतली, दगड सावकाश फिरायला लागला. चाक सैल केलं. पण कोंडा तरीही चूर व्हायचा. त्यावर कुठल्या पुस्तकाने नाही, तिच्या स्वतःच्या दिवाळीने उत्तर दिलं. करंज्यांना सोजी काढायची तर आमच्याकडे गहू ओलवतात, पाण्याचा हात लावून फडक्यात बांधून ठेवतात, मग दळल्यावर कोंडा अख्खा निघतो आणि चाळायला सोपा जातो. "सोजीला चालतं ते पावाला का नाही?" म्हणून तिने आदल्या संध्याकाळी गव्हाला पाणी लावायला सुरुवात केली. जास्त लागलं की दगडाला लगदा बसायचा, कमी लागलं की काही फरक नाही. किती पाणी, ते ती मूठ वळून ठरवायची. मला फूड सायन्सच्या दोन परीक्षा देऊन जे नुसतं वाचून माहीत होतं, ते ती करून दाखवत होती. माझी मान इतकी ताठ झाली होती ना, की येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगायचे, ही माझी आत्या.

दर शुक्रवारी मी एकाच मापाच्या दोन साच्यांत दोन पाव भाजायचे, एक कारखान्याच्या पिठाचा, एक तिच्या. ती यायची, दोन्ही शेजारी ठेवायची आणि बुटक्या पावावर बोटं आडवी धरून फरक मोजायची. पहिल्या शुक्रवारी तीन बोटं कमी. महिन्याभरात दोन. ओलवलेल्या गव्हाने एकावर आणलं. आणि चव! पाव कापला की गव्हाच्या शेतातून कोणीतरी आत आल्यासारखं वाटायचं. मी पोती बंद केली, सगळी बेकरी आत्याच्या पिठावर आणली. दादरच्या एका कॅफेने रोजचे दहा पाव लावले. लोक विचारायला लागले, काय घालता हो यात? मी म्हणायचे, गहू.

माझ्या दृष्टीने लढाई जिंकलेली होती. आत्याच्या दृष्टीने नव्हती. ते एक बोट राहिलं होतं. पुढची दोन वर्षं तिने ते बोट सोडलं नाही. मी वैतागायचे. "आत्या, लोक चव खातात, उंची नाही खात!" त्यावर ती म्हणायची, "लोकांका सांग. माका नको." मी म्हटलं, दगडावर दळलेल्या, अंकुरासकट पिठाचा पाव थोडा बुटकाच राहणार, जगभर राहतो, शास्त्रच आहे ते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू चारचौघांत काय म्हणाली होतीस, आठवतंय?" त्यात डूख नव्हता हो, अजिबात नव्हता. पण मी जे बोलले होते ते तिला पूर्ण खोटं करून दाखवायचं होतं, बोटभरही शिल्लक न ठेवता. गुडघे गेले होते, दगड उचलायला प्रमोदला रविवारी हाक मारावी लागायची, तरी चालूच. एकाहत्तराव्या वर्षी.

बारावं-तेरावं झाल्यावर प्रमोदने आणि मी चक्कीचं शटर उघडलं. प्रमोद बँकेत आहे, चक्की त्याने लहानपणापासून बघितली ती जिन्यावरून उतरताना. लहान चक्कीशेजारी झाकण लावलेला एक डबा होता. वर खडूने "वैशू". जायच्या आदल्या दुपारी तिने दळून ठेवलेलं पीठ. दळल्यावर ते काही दिवस निवू द्यायची तिची पद्धत होती. प्रमोद म्हणाला, "हे ठेवूया गं, आठवण म्हणून." माझ्याही मनात तेच आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण मी झाकण उघडलं, वास घेतला. अजून गोड होता. अंकुरासकटचं पीठ ते, मुंबईची हवा, आणखी पंधरा दिवसांत खवट झालं असतं आणि मग आम्ही आत्याच्या नावाने किडे सांभाळत बसलो असतो. "नाही," मी म्हटलं, "याचा पाव होणार."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कारखान्याच्या पिठाचं पाकीट आणलं. शुक्रवार होता. प्रमोद रजा टाकून आला. दोन साचे, दोन पाव. भट्टीच्या काचेतून मी सारखी बघत होते, पण काही बोलले नाही, कारण काच फसवते. बाहेर काढले, निवू दिले, शेजारी-शेजारी ठेवले. मी आत्याच्या पावावर बोट आडवं धरायला गेले... आणि बोट ठेवायला जागाच नव्हती. दोन्ही पाव सारखे होते. मी साचे तपासले, बाजू बदलून बघितली, प्रमोदला वाकून बघायला लावलं. सारखे. मी तिथेच फरशीवर बसले. आत्या, अगं थांबायचंस ना चार दिवस!

प्रमोदने विचारलं, "काय केलं होतं तिने?" मला माहीत नव्हतं. गहू तोच, पुली तीच, पाण्याचा हात तोच. आम्ही तसेच नायगावला गेलो आणि लहान चक्कीचा वरचा दगड उचलून उलटा ठेवला. तेव्हा दिसलं. नेहमी दगडभर दाट चर असायचे, पार काठापर्यंत. या वेळी तिने निम्मेसुद्धा ठेवले नव्हते. मधल्या भोकापासून निघालेले मोजके रुंद चर, जरासे वळत काठाकडे गेलेले, आणि काठाजवळ अगदी उथळ होत संपलेले. दाण्याला घासत बसायचं नाही, उकलायचं आणि वाट मोकळी करून द्यायची, असा काहीतरी तिचा विचार असणार. रोलर जे करतो ते तिने दगडाकडून करवून घेतलं होतं, अंकुर न काढता. एकही रेघ वाकडी नव्हती. मी एकेका चरावरून हात फिरवत होते. सातवी पास बाई! कुठल्या परिषदेत हिला बोलवायला हवं होतं, आणि मी तिला शास्त्र सांगत होते.

"त्या शेवटच्या रविवारी मी दगड उचलून दिला," प्रमोद म्हणाला. "ती म्हणाली, बस जरा, दाखवते काय करतेय. मी म्हटलं, मॅच सुरू होईल, आणि वर गेलो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्हा दोघांपैकी कोणीच तिचं काम नीट बघितलं नव्हतं, तो एकटाच नव्हता.

त्याच्या मुलीचे मेणाचे खडू आणले, मोठा कागद दगडावर पसरला आणि आम्ही दोघांनी त्या चरांचा ठसा उतरवून घेतला. कारण दगड झिजणार. मी रोज दळतेय, बेकरी त्याच पिठावर चाललीय, आणि प्रत्येक दळणाबरोबर आत्याच्या हातचे चर थोडे थोडे बुजताहेत. मोठी चक्की सध्या शिकतेय तशी चालवते, सावंतकाकी चपाती कडक झाली की तोंडावर सांगतात. फुटलेल्या एका जुन्या दगडावर महिनाभर टाकी मारायचा सराव करतेय. अंगठा दोनदा फुटला. चर अजून वाकडे येतात.

येत्या रविवारी मी तिच्या दगडाला पहिल्यांदा टाकी लावणार आहे. प्रमोद दगड उचलून द्यायला येणार आहे. मॅच आहे त्या दिवशी, मी कॅलेंडर बघितलंय. तो म्हणाला, वैशू, मी बसून बघणार आहे.